पाण्याखालचा जोडीदार आणि कायदा

सुट्ट्या लागल्या की आपल्या घरांतली तरुण मुले मालवण-तारकर्लीला जातात आणि 'स्कूबा केले' म्हणून फोटो दाखवतात. त्या दहा-पंधरा मिनिटांत प्रशिक्षकाने त्यांना धरलेलेच असते. खरे स्कूबा सुरू होते ते रीतसर कोर्स झाल्यावर, आणि तिथला पहिला नियम म्हणजे एकट्याने उतरायचे नाही. सोबतच्या जोडीदाराला 'बडी' म्हणतात. शाळेच्या सहलीत आम्हीही मुलांच्या जोड्या लावतो, पण तिथे अखेरची जबाबदारी शिक्षकाची असते. पाण्याखाली दोघांवर नजर ठेवणारा तिसरा कुणी असेलच असे नाही.

उतरण्याआधी बडीने दुसऱ्याचे जॅकेट, वजनाचा पट्टा, बकले आणि हवेची टाकी तपासायची. प्रत्येकाकडे तोंडात धरायची एक जादा नळी असते, ती जोडीदाराची हवा संपली तर त्याला देण्यासाठी. तीस मीटरवर पाण्याचा दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो, म्हणून हवाही चौपट वेगाने संपते. घाबरलेला माणूस तर ती आणखी भराभर संपवतो. विचार करायला वेळ मिळतच नाही.

मग बडीने साथ सोडली आणि दुसऱ्याचा जीव गेला, तर कायदा त्याला जाब विचारू शकतो का?

ऑस्ट्रेलियात हा प्रश्न कोर्टात गेला. ऑक्टोबर २००३ मध्ये अमेरिकेतील अलाबामाचे एक नवविवाहित जोडपे क्वीन्सलँडजवळ 'योंगाला' या १९११ साली बुडालेल्या जहाजापाशी उतरले. निकाह होऊन दोन आठवडेही झाले नव्हते, असे आपल्याकडे म्हणतील. पत्नी नवशिकी होती, तर पतीने दुसऱ्याला वाचवण्याचे खास प्रशिक्षण घेतलेले होते. पत्नी अडचणीत आली तेव्हा तो मदत आणण्यासाठी वर गेला आणि ती तळाशी गेली. पुढे खुनाचा आरोप आला. २००९ मध्ये त्याने खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाची कबुली दिली, तीही बडी म्हणून असलेले कर्तव्य पाळले नाही या मुद्द्यावर. तिचे जॅकेट फुगवणे, वजन सोडणे, आपली हवा देणे यांतले काही त्याने करायला हवे होते. क्वीन्सलँडचा कायदा सांगतो की जे काम न केल्यास दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे ते अंगावर घेतले, तर ते करणे बंधनकारक होते. प्रत्यक्ष कैद आधी एक वर्षाची होती, अपिलात ती अठरा महिने झाली. अलाबामात पुन्हा खुनाचा खटला चालला, पण २०१२ मध्ये न्यायाधीशांनी पुराव्याअभावी तो निकाली काढला. मुद्दाम मारणे आणि कर्तव्यात चुकणे यांत कायदा किती अंतर ठेवतो, ते या दोन निकालांतून दिसते.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातले प्रकरण भरपाईच्या दाव्याचे होते. तिथेही पती-पत्नीच बडी होते. पतीने आपले एक साधन नीट जोडले नव्हते, त्यामुळे त्याला स्वतःलाच वर यावे लागले आणि पत्नी खाली एकटी राहून दगावली. २००१ मध्ये अपील कोर्टाने मानले की बडीवर काळजी घेण्याचे कर्तव्य असते. पण त्याच्या चुकीमुळेच मृत्यू झाला हे सिद्ध झाले नाही, म्हणून दावा फेटाळला गेला. (नवरा-बायको म्हणजे आपोआप चांगली जोडी, हा समज पाण्यात तरी खरा नाही.)

आपल्याकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. एखादी गोष्ट न करणे हाही गुन्हा ठरू शकतो, मात्र ती करायला तुम्ही कायद्याने बांधलेले असाल तरच. काठावर उभा असलेला अनोळखी माणूस सहसा त्यात सापडत नाही. 'मी तुझ्यासोबत आहे' असे सांगून उतरलेल्याचे तसे नाही, असे आम्हाला वाटते. अर्थात स्वतःचा जीव देऊन वाचवा, अशी अपेक्षा नसते. तेवढेच शिकलेला समंजस माणूस त्या क्षणी जे करील, ते केले का एवढेच पाहिले जाते.

मालवणला होडीत चढण्यापूर्वी जो कागद सहीसाठी पुढे येतो, त्याने फौजदारी जबाबदारी पुसली जात नाही, ना प्रशिक्षकाची, ना बडीची. तरी तो वाचावा. आणि मुलांनी सही करण्याआधी विचारावे की एका प्रशिक्षकाकडे पाण्यात किती जण असतील, आणि माझा हात कोण धरणार आहे.