तंजावरचे बंधुचतुष्टय

आज भरतनाट्यम् या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या नृत्याला एकोणिसाव्या शतकात तमिळ प्रदेशात ‘सदिर’ म्हणत. हे नृत्य सादर करणाऱ्या संचाचे नाव होते ‘चिन्न मेळम्’, म्हणजे लहान ताफा. नागस्वरम् आणि तविल वाजवणारा तो ‘पेरिय मेळम्’, म्हणजे मोठा ताफा. लहान ताफ्यात एक वा अधिक नर्तकी, मृदंग व मुखवीणा वाजवणारे साथीदार, सूर धरणारा एक जण आणि झांजांवर ताल राखून बोल म्हणणारा नट्टुवनार एवढी मंडळी असत. नर्तकी पुढे सरकली की हा सारा ताफा उभ्यानेच तिच्यामागून पुढे सरके. नट्टुवनार हा या ताफ्याचा कणा होता. तोच नर्तकीचा गुरू, तोच संचालक आणि पुष्कळदा तोच रचनाकार असे.

अशाच एका नट्टुवनार घराण्यात सुब्बरायन यांच्या पोटी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु हे चार पुत्र जन्मले. त्यांची जन्मवर्षे अनुक्रमे १८०२, १८०४, १८०८ आणि १८१० अशी दिली जातात. बृहदीश्वराच्या मंदिराची आणि राजदरबाराची सेवा त्यांच्या घराण्यात परंपरेने चालत आली होती. या चौघांनी एकत्र राहून जे काम केले त्याने नृत्याच्या मैफिलीचे स्वरूपच बदलले. पुढे ते विखुरले. आणि त्यांचे कार्य तंजावरच्या राज्याबरोबर लयाला गेले नाही, याचे बरेचसे श्रेय या विखुरण्याला द्यावे लागते.

दरबार आणि त्याची मर्यादा

तंजावरला मराठ्यांचे राज्य व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास स्थापन केले. या चार बंधूंच्या बालपणी गादीवर दुसरे सरफोजीराजे होते. १७९८ साली ते गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी कंपनी सरकारशी झालेल्या तहाने राज्याचा कारभार त्यांच्या हातून गेला. राजाकडे उरला तो तंजावरचा किल्ला व त्याचा परिसर, वर्षाला एक लाख होन आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा. सैन्य आणि शासन यांच्या जबाबदारीतून मुक्त झालेल्या या राजाने आपले द्रव्य व बुद्धी विद्येकडे वळवली. श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली वाढलेल्या सरफोजींनी सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले, शस्त्रक्रिया व वनस्पतिशास्त्र यांत रस घेतला आणि पाश्चात्त्य वाद्यांचा एक ताफाही पदरी ठेवला.

अशा दरबारात कलावंतांना मोठा वाव होता. मात्र त्यांचा सारा योगक्षेम एका व्यक्तीच्या मर्जीवर व एका निश्चित उत्पन्नावर अवलंबून होता, हेही तितकेच खरे.

चौघा बंधूंनी संगीताचे उच्च शिक्षण मुत्तुस्वामी दीक्षितर यांच्याकडे घेतले. गुरूच्या गौरवार्थ त्यांनी नऊ कृतींची एक माला रचली. या शिक्षणामुळे नट्टुवनाराच्या परंपरागत तालज्ञानाला रागविस्ताराची आणि साहित्याची जोड मिळाली. त्यांच्या रचना मुख्यतः तेलुगू व तमिळ भाषांत आहेत.

मैफिलीची नवी बांधणी

त्यांचे प्रमुख कार्य म्हणजे ‘मार्गम्’, अर्थात नृत्याच्या मैफिलीचा क्रम. अलारिप्पु, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदम् आणि तिल्लाना हे प्रकार काही ना काही रूपात पूर्वीही अस्तित्वात होते. या बंधूंनी त्यांना एका सुसंगत क्रमात बसवले आणि प्रत्येकासाठी विपुल रचना केल्या. प्रारंभीच्या अलारिप्पूत गीत नसते. केवळ तालाच्या बोलांवर नर्तकीचे अंग एकेक करून जागे होते. जतिस्वरात स्वर येतात, पण शब्द येत नाहीत. शब्दम् मध्ये प्रथमच अर्थ आणि अभिनय यांचा प्रवेश होतो. मध्यभागी असलेल्या वर्णात शुद्ध नृत्य आणि अभिनय या दोहोंचीही पूर्ण कसोटी लागते. त्यानंतर पदम् मध्ये गती मंदावते, नर्तकी भावाच्या छटा उलगडते आणि शेवटी द्रुत लयीच्या तिल्लान्याने मैफिलीची सांगता होते. याच्या जोडीला ‘अडवु’ म्हणजे नृत्याचे मूलभूत पदन्यास यांचीही त्यांनी वर्गवारी लावली. त्यामुळे शिक्षणाला निश्चित पायऱ्या मिळाल्या.

या क्रमाचे महत्त्व त्याच काळातील दुसऱ्या एका प्रयोगाशी तुलना केल्यास अधिक स्पष्ट होते. सरफोजीराजांच्या नावावर मराठी भाषेतील नृत्यप्रबंध आहेत. त्यांना ‘निरूपण’ म्हणतात. एका निरूपणात अठरा भाग असतात. एकच कथा, एकच राग आणि एकच ताल यांच्या सूत्रात ते सारे ओवलेले असतात. ही रचना भव्य आहे, परंतु तिच्यातून एखादा भाग वेगळा काढला तर कथासूत्रच तुटते. बंधुचतुष्टयाच्या मार्गम् मध्ये तसे नाही. तेथे प्रत्येक रचना स्वतंत्र असते, राग व ताल पालटतात, आणि नर्तकीच्या तयारीप्रमाणे किंवा प्रसंगाप्रमाणे एका वर्णाच्या जागी दुसरे वर्ण घेता येते. बदलत नाही तो केवळ क्रम. त्यांच्या वर्णांचा नायक कोठे तिरुवारूरचा त्यागराज आहे, तर कोठे मन्नारगुडीचा राजगोपाल. अशी मैफील एका दरबारातून दुसऱ्या दरबारात नेणे सोपे होते. हा गुण लवकरच त्यांच्या उपयोगी पडणार होता.

फाटाफूट

सरफोजींच्या कारकिर्दीच्या अखेरीस, १८३० च्या सुमारास, या बंधूंचे राजदरबाराशी बिनसले आणि त्यांना तंजावर सोडावे लागले, असे परंपरा सांगते. त्यांना आश्रय मिळाला त्रावणकोरला. तेथील तरुण राजे स्वाती तिरुनाळ स्वतः रचनाकार होते. काही काळाने पोन्नय्या व शिवानंदम् तंजावरला परतले, चिन्नय्या म्हैसूरला कृष्णराज वडेयर (तिसरे) यांच्या दरबारी गेले आणि वडिवेलु त्रावणकोरलाच राहिले. एकत्र वाढलेला आणि एकत्र रचना करणारा हा संच अशा रीतीने तीन राज्यांत वाटला गेला.

या तिघां दिशांना गेलेल्या प्रवासांत वडिवेलूंचा प्रवास सर्वांत फलदायी ठरला. व्हायोलिन हे वाद्य दक्षिणेत युरोपीय लोकांबरोबर आले. मुत्तुस्वामी दीक्षितरांचे धाकटे बंधू बालुस्वामी यांनी ते आत्मसात केले होते. कर्नाटक संगीतात त्याला स्थान मिळवून देणाऱ्यांत त्यांच्याबरोबर वडिवेलूंचेही नाव घेतले जाते. वाद्य तेच राहिले, परंतु ते धरण्याची रीत आणि तारांची जुळणी पालटली. वादक मांडी घालून बसू लागला, वाद्याचे टोक पावलाजवळ टेकवू लागला आणि तारा षड्ज-पंचमात लावू लागला. त्यामुळे गायकाच्या गळ्यातील गमके बोटाने सहज घसरत काढता येऊ लागली. १८३४ साली स्वाती तिरुनाळांनी वडिवेलूंना हस्तिदंती व्हायोलिन भेट दिले. घराण्याने ते पिढ्यान्‌पिढ्या जपले. केरळातील मोहिनीआट्टम् या नृत्यातही वर्णम्, पदम् व तिल्लाना यांना जे स्थान आहे, त्यामागे राजा आणि वडिवेलु यांचे साहचर्य असल्याचे मानले जाते. स्वाती तिरुनाळ १८४६ साली, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी निवर्तले.

राज्य गेले, क्रम राहिला

१८५५ साली तंजावरचे शिवाजीराजे पुत्राविना मरण पावले आणि कंपनीने राज्य खालसा केले. हे चौघेही तंजावरच्या एका दरबारालाच बांधलेले राहिले असते, तर त्यांच्या कार्याला तेथेच खीळ बसण्याची शक्यता होती. परंतु तोवर मार्गम् अनेक ठिकाणी रुजला होता. १८८० साली सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचा विवाह तंजावरच्या मोहिते घराण्यातील कन्येशी झाला. सासरी त्या चिमणाबाई झाल्या. त्यांच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी व साथीदार बडोद्याला गेले आणि हे नृत्य गुजरातेतील एका मराठी दरबारात पोहोचले.

या इतिहासाची एक बाजू मात्र अंधारात आहे. ज्यांच्या देहांतून या रचना साकार झाल्या, त्या देवदासी नर्तकींची नावे क्वचितच नोंदली गेली. रचनाकाराचे नाव कृतीबरोबर टिकले. पदातील एका ओळीचे दहा अर्थ दाखवणाऱ्या स्त्रीचे कौशल्य तिच्याबरोबर संपले किंवा शिष्येच्या अंगी निनावी उतरले. १९३० नंतर या नृत्याला नवे नाव व नवी प्रतिष्ठा मिळाली, उच्चवर्णीय घरांतील मुली ते शिकू लागल्या. १९४७ च्या मद्रास कायद्याने मुली देवाला वाहण्याची प्रथा बंद झाली. त्या प्रथेतील अन्याय थांबला. पण जिने ही कला सांभाळली होती त्या परंपरागत नर्तकीला नव्या रंगमंचावर फारशी जागा उरली नाही.

नट्टुवनारांची परंपरा मात्र पुढे चालली. बंधुचतुष्टयाच्या कुळातील पंदनल्लूरचे मीनाक्षीसुंदरम् पिळ्ळै (१८६९–१९५४) यांनी नव्या पिढीतील अनेक नर्तकी घडवल्या. त्याच कुळातील के. पी. किट्टप्पा पिळ्ळै (१९१३–१९९९) यांनी पूर्वजांच्या रचना जतन करून शिकवल्या. सरफोजींची मराठी निरूपणे मुंबईचे आचार्य पार्वतीकुमार यांनी अभ्यासून रंगमंचावर आणली. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर पुढे किट्टप्पा पिळ्ळै यांच्याकडेही शिकल्या. अशा रीतीने राजाची मराठी निरूपणे आणि नट्टुवनार बंधूंचा मार्गम् हे एकाच दरबारातील दोन प्रवाह सुमारे दीड शतकानंतर महाराष्ट्रातील एकाच नर्तकीच्या शिक्षणात एकत्र आले.