पहिला महिना मासा नको

मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या पुनर्विकासाची बातमी आली की १९५१ साली उघडलेल्या त्या वास्तूच्या आठवणी निघतात आणि समुद्री माशांची छोटीशी टाकी आपल्याही घरात असावी, असं अनेकांना वाटू लागतं. काचेची जाडी, दिवे, फिल्टर यांची माहिती दुकानात कुणीही देतो. सहसा सांगितलं जात नाही ते हे, की खाऱ्या पाण्याची टाकी भरल्यावर पहिले चार ते सहा आठवडे तिच्यात एकही मासा सोडायचा नसतो. पहिली टाकी जगणार की नाही, हे बाकी कशाहीपेक्षा या एका गोष्टीवर ठरतं, असं माझं ठाम मत आहे.

मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. पाण्यात त्याची दोन रूपं असतात. अमोनियम तुलनेनं निरुपद्रवी, मुक्त अमोनिया मात्र जीवघेणा. कुठलं रूप किती, हे मुख्यतः पाण्याच्या सामूवर अवलंबून. सामू ७ असलेल्या गोड्या पाण्यात २५ अंश तापमानाला मुक्त अमोनियाचा वाटा एक टक्क्याहूनही कमी असतो. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.२च्या आसपास, आणि तिथे हाच वाटा दहापटीहून अधिक होतो. गप्पी माशांच्या टाकीत खपून जाणारी हयगय क्लाउनफिशच्या जिवावर बेतते ती यामुळे. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू हाच यावरचा इलाज. पण त्यांची वाढ संथ असते. इतर कित्येक जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात, यांना कित्येक तास, कधी अख्खा दिवस लागतो.

या जिवाणूंविषयीची जुनी समजूत बदलली ती अमेरिकी संशोधक टिमोथी होव्हानेक यांच्या कामामुळे. नायट्राइट संपवणारा जिवाणू म्हणून पुस्तकांत वर्षानुवर्षं नायट्रोबॅक्टरचं नाव छापलं जात होतं. होव्हानेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकीय पद्धतीनं शोध घेतला आणि गोड्या पाण्याच्या टाक्यांत हे काम नायट्रोस्पिरासारखे जिवाणू करतात, असं १९९८ साली दाखवून दिलं. त्याआधी, १९९६ मध्ये, एडवर्ड डीलाँग यांच्याबरोबरच्या अभ्यासात अमोनिया खाणारे जिवाणूही गोड्या आणि खाऱ्या पाण्यात वेगळे असल्याचं दिसलं होतं. घरच्या जुन्या गोड्या टाकीतला स्पंज नव्या खाऱ्या टाकीला विरजण म्हणून चालेल, या भरवशावर राहू नये ते म्हणूनच. ते विरजण चालत्या खाऱ्या टाकीतूनच आणावं.

होव्हानेक पुढे स्वतः बाटलीबंद जिवाणू विकू लागले. मग बाटली ओतून लगेच मासे का सोडू नयेत, असं कुणी विचारेल. चांगल्या बाटलीनं दिवस वाचतात, हे खरं. पण आत सजीव आहेत, आणि मे महिन्यात तापलेल्या गोदामात पडून राहिलेल्या बाटलीत किती जिवंत उरले, हे लेबल पाहून कळत नाही. निवाडा चाचणीनंच करावा. रिकाम्या टाकीत अमोनियम क्लोराइड घालून लिटरमागे साधारण २ मिलिग्रॅम अमोनिया करायचा आणि चोवीस तासांनी परीक्षानळीत थेंब टाकून रंग पाहायचा. नेहमीच्या किटमध्ये पिवळा रंग म्हणजे अमोनिया शून्य, हिरवट झाक म्हणजे अजून थांबा. नायट्राइटही शून्य दाखवत असेल तरच टाकी तयार. समुद्राच्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे माशाला नायट्राइटचा त्रास गोड्या पाण्यातल्यापेक्षा कमी होतो, हे मान्य. तरी नायट्राइट उरलंय याचा अर्थ जिवाणूंची दुसरी फळी अजून उभी राहिलेली नाही. टाकीला अमोनिया पुरवायचं हे काम एखादा स्वस्त डॅमसेल मासा सोडून करायचा सल्ला अजूनही ऐकू येतो. जे पावडरीनं होतं त्यासाठी जिवंत माशाचे कल्ले जाळायचे, हे मला अजिबात पटत नाही.

खर्च वाचवायला वीस-पंचवीस लिटरची टाकी घेणंही महागात पडतं. पाण्याची वाफ होते, मीठ मागेच राहतं. थोड्या पाण्यात दोन दिवसांत खारटपणा चढतो. शंभर लिटरला साडेतीन-चार किलो सागरी मीठ लागतं, विशिष्ट गुरुत्व १.०२५च्या आसपास ठेवायचं आणि रोजची घट आरओच्या गोड्या पाण्यानं भरायची. चौपाटीचं फुकटचं पाणी आणू नये. त्यात सांडपाणी असतं, पावसाळ्यात त्याची क्षारताही घसरते. प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना आपल्याकडे २००१पासून वन्यजीव कायद्याचं कडक संरक्षण आहे. कुणी गुपचूप देऊ केले तरी घेऊ नयेत. जिवाणूंना बसायला प्रवाळ लागत नाही, सच्छिद्र सिरॅमिकचे तुकडे पुरतात.

समुद्री शोभिवंत मासे बहुतांशी अजूनही प्रवाळ बेटांवरून पकडून आणले जातात. क्लाउनफिशचं तसं नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं विळिंजम आणि मंडपम इथे त्यांची पैदास करून दाखवली आहे, आणि आपल्या ऐरोलीतही क्लाउनफिशचं उबवणी केंद्र उभं राहिलं आहे. तेव्हा पहिली जोडी उबवणी केंद्रातलीच मागा. आणि टाकी व मासे एकाच दिवशी द्यायला दुकानदार तयार असेल, तर त्या दिवशी टाकी, मीठ आणि चाचणीचा किट घेऊन घरी या. मासे महिन्या-दीड महिन्यानं, किट हो म्हणाला की आणा.