आम्ही इथले की बाहेरचे?

सकाळी सातच्या सुमारास पिरनवाडीच्या नाक्यावर उभे राहिले की उद्यमबागेकडे आणि मच्छेच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या माणसांची रीघ दिसते. त्यात खानापूर तालुक्यातून वडापने आलेली पोरे असतात, मराठी, कानडी, उर्दू बोलणारे आपले गाववाले असतात आणि अलीकडे फौंड्रीत ओतकामाला आलेले उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचे मजूरही असतात. चहाच्या टपरीवर मग एकच विषय निघतो : बाहेरची माणसे आली आणि आमच्या पोरांचे काम गेले.

परवा माझ्याच एका माजी विद्यार्थ्याने मला तिथे थांबवले. उद्यमबागेत टर्नर आहे. म्हणाला, "गुरुजी, त्या भय्यांना आम्ही बाहेरचे म्हणतो. पण सरकार आम्हालाच बाहेरचे म्हणते. मग इथले कोण?"

त्याचा रोख जुलै २०२४ मधील विधेयकाकडे होता. कर्नाटकातील कारखान्यांत व्यवस्थापनाच्या ५० टक्के आणि इतर ७० टक्के जागा स्थानिकांना द्याव्यात, असे ते विधेयक. स्थानिक म्हणजे कर्नाटकात जन्मलेला, पंधरा वर्षे राहिलेला आणि कन्नड बोलता-लिहिता-वाचता येणारा. दहावीला कन्नड विषय नसेल तर वेगळी परीक्षा. १५ जुलैला मंत्रिमंडळाने मान्यता दिली, उद्योजकांनी ओरड केली आणि दोनच दिवसांत ते गुंडाळून ठेवले गेले. हरियाणाचा ७५ टक्क्यांचा असाच कायदा तेथील उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द केला होता, हे बेंगळूरला ठाऊक नव्हते असे कसे म्हणावे?

आता हा नियम आपल्या गावाला लावून पाहा. मराठी शाळेत शिकून कन्नड विषय घेतलेला मुलगा त्यात बसला असता. पण मामाकडे राहून चंदगडला दहावी झालेला मुलगा? आणि आपल्या घरातल्या सुना? निम्म्या घरांचा रोटीबेटी व्यवहार चंदगड, गडहिंग्लजशी. तिथून आलेली सून कारखान्यात पॅकिंगला जाते, तिचा जन्म कर्नाटकातला नाही, म्हणून ती उपरी! बिदरहून आलेला माणूस मात्र बेळगावात स्थानिक. माझे आजोबा मुंबई राज्याचे रहिवासी होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्याचे झाले, ते काही बोचकी बांधून आले नव्हते. सरहद्द त्यांच्या अंगणातून फिरली.

पुढचा इतिहास सर्वांना पाठ आहे. ऑक्टोबर १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला, ऑगस्ट १९६७ मध्ये अहवाल आला. निपाणी, खानापूर महाराष्ट्राला द्यावे म्हटले, बेळगाव मात्र म्हैसूरकडेच. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा घातला. त्या वर्षी मी पहिलीला घेतलेली मुले आज स्वतःच्या मुलांना शाळेत सोडायला येतात.

पण रोजचा त्रास न्यायालयातला नाही, टेबलावरचा आहे. मागच्या पावसाळ्यात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याबरोबर उतारा दुरुस्तीला गेलो. कन्नड उताऱ्यात आडनावातले एक अक्षर चुकलेले. कचेरी कोणती ते सांगत नाही. तीन खेपा झाल्या, दर खेपेला वेगळे टेबल, आणि मराठीतला अर्ज तिन्ही वेळा परत. कारकून भला माणूस होता. त्याच्याकडे मराठी छापील नमुनाच नव्हता, तो तरी काय करणार? एखाद्या जिल्ह्यात किंवा तालुक्यात १५ टक्के लोक एका भाषेचे असले की महत्त्वाच्या सूचना व नियम त्या भाषेत प्रसिद्ध करावेत, असे केंद्राने १९५६ सालीच सांगितले आहे. घटनेच्या ३५० ब कलमाखाली त्यासाठी आयुक्त आहे. पण जाब कोणाला विचारायचा, हे कचेरीच्या पाटीवर लिहिलेले नसते.

आणि ते परप्रांतीय मजूर? माझ्या शाळेत ओडिशाच्या एका मजुराचा मुलगा आहे. सहा महिन्यांत मराठी बोलू लागला, आता आमच्या पोरांपेक्षा शुद्ध बोलतो! त्याच्या बापावर राग काढून काय मिळणार? ठेकेदाराला तो हवा असतो, कारण तो कारखान्याच्या आवारातच राहतो, दोन पाळ्या करतो, पेरणीला नि यात्रेला रजा मागत नाही. बाहेरून आणलेल्या मजुरांची नोंद ठेवण्याचे बंधन ठेकेदारावर १९७९ च्या कायद्याने आले. आता तो विषय नव्या श्रमसंहितेत आहे. ती नोंद कोण तपासतो, हा प्रश्न टपरीवर कोणी विचारत नाही.

महाराष्ट्राचेही पाहा. ८६५ गावांवर दावा आहे, आपल्या मुलांना तिकडे प्रवेशाच्या सवलती आहेत, त्याबद्दल ऋणी आहोत. पण डिसेंबर २०२२ मध्ये दोन मंत्री बेळगावला येणार म्हणून गाव वाट पाहत बसले आणि दौरा रद्द झाला. त्याच महिन्यात दिल्लीच्या बैठकीत दोन्ही राज्यांच्या तीन-तीन मंत्र्यांची समिती ठरली. तिने काय केले, हे सांगायला पिरनवाडीत कोणी आलेले नाही.

आम्ही समितीवालेही सुटत नाही. २०१८ आणि २०२३, दोन्ही विधानसभांत समितीचा एकही आमदार नाही. फाटाफुटीचा हिशेब गावाने आमच्याकडे मागितला तर आम्ही खाली मान घालून ऐकले पाहिजे.

तूर्त एक अर्ज तयार केला आहे. ठेकेदारांच्या नोंदवह्या तपासाव्यात आणि अर्जांचे नमुने मराठीतही छापावेत, एवढ्या दोनच मागण्या. येत्या सोमवारी देणार आहोत, पोच घेतल्याशिवाय उठणार नाही. अर्ज दोन्ही भाषांत आहे. कन्नड मजकूर त्या टर्नर पोरानेच लिहून दिला.