गोठ्याला दार कधी?

‘बैल गेला नि झोपा केला’ ही म्हण शिकवू लागलो की मुले हटकून हसतात. त्यांना वाटते, बैल गेला आणि मालकाने ताणून दिली! मग सांगावे लागते की, बाळांनो, हा झोपा म्हणजे निद्रा नव्हे, गोठ्याचे दार. मी मराठीचा प्राध्यापक, संगणकविद्येत माझी गती बेताचीच. तरी सायबर सुरक्षेच्या धोरणावर या म्हणीहून नेमके भाष्य मला सापडलेले नाही.

आम्ही राहतो माजिवड्याला. येथून नाशिकच्या रस्त्याने भिवंडी ओलांडली की पडघे लागते, खाडीपलीकडे कळवे. या दोहोंना जोडणाऱ्या ४०० किलोव्होल्टच्या वीजवाहिन्यांत १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी बिघाड झाला आणि मुंबई-ठाण्याची वीज गेली. लोकलगाड्या रुळांवर थबकल्या, मुंबई विद्यापीठाला ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या, ऐन कोरोनात रुग्णालये जनित्रांवर आली.

खरा बोध पुढेच आहे. १ मार्च २०२१ रोजी राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी यामागे सायबर घातपाताचा संशय बोलून दाखवला. दुसऱ्याच दिवशी तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, तसा पुरावा नाही; ती मानवी चूक होती. या वादाचा निवाडा करणारा मी कोण? पण चोर आला होता की कडीच निसटली, यावर साडेचार महिन्यांनीही एकमत होत नसेल, तर पहाऱ्याइतकीच नोंदवहीचीही काळजी केली पाहिजे.

राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरण २०१३ सालीच आले होते. नोंदवहीचा बंदोबस्त मात्र एप्रिल २०२२ मध्ये झाला. केंद्राच्या ‘सर्ट-इन’ने फर्मावले की, अशी घटना ध्यानात येताच ६ तासांत कळवावी आणि यंत्रांच्या नोंदी १८० दिवस जपाव्यात.

एवढी घाई कशाला, असे कोणी विचारील. त्याने पुण्याच्या कॉसमॉस बँकेची हकीकत आठवावी. ११ ऑगस्ट २०१८ रोजी चोरांनी बँकेच्या यंत्रणेची बनावट जोडी उभी केली. एटीएमने ‘पैसे देऊ?’ म्हणून विचारावे आणि बँकेऐवजी चोरानेच ‘द्या’ म्हणावे! २८ देशांतून पैसे निघाले. १३ तारखेला आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगला गेले. एकंदर फटका ९४ कोटींच्या वर. दोन चोऱ्यांमध्ये गेलेला प्रत्येक तास मोलाचा होता.

उद्याचा चोर तर याहून बिलंदर असेल. आजची गुप्तलिपी क्वांटम संगणक कधी फोडतील, हे कोणी छातीठोकपणे सांगत नाही; पण आज चोरून ठेवलेला मजकूर तेव्हा वाचता येईल, हे भय खरे आहे. म्हणूनच ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने नव्या गुप्तलिपींची मानके जाहीर केली. आपल्या महापालिकांनी, बँकांनी, वीजमंडळींनी यंत्रणा विकत घेतानाच विचारावे, ‘या दाराचे कुलूप पुढे बदलता येईल ना?’ वर्षातून एकदा यंत्रणा बंद पडल्याची तालीम करावी आणि ती कितपत साधली, हे नागरिकांना सांगावे.

वाचकहो, घरची नोंदवही मात्र आपल्याच हाती आहे. कोणी फोनवरून पैसे लुबाडले, तर लाजेने गप्प बसू नका. आधी १९३० हा क्रमांक फिरवा. शेजाऱ्यांना काय वाटेल, याचा विचार सावकाश करता येईल.