पावसाची सरासरी आणि पिकाची गरज

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आपल्या देशात सरासरी सुमारे ८७ सेंटिमीटर पाऊस पडतो. हंगामाअखेरीस ही सरासरी गाठली म्हणजे पीक हाती आले, असे मात्र मानता येत नाही. पाऊस किती पडला याइतकेच तो केव्हा पडला, हेही महत्त्वाचे असते.

२०२३ चा खरीप हंगाम याचे बोलके उदाहरण आहे. त्या वर्षी देशात सरासरीच्या ९४ टक्के पाऊस झाला. जुलै व सप्टेंबरमध्ये तो सरासरीहून १३ टक्के अधिक, तर ऑगस्टमध्ये ३६ टक्के कमी होता. १९०१ पासूनच्या नोंदींतील तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. जूनअखेरीस किंवा जुलैच्या प्रारंभी पेरलेले सोयाबीन याच महिन्यात फुलोऱ्यात येते व शेंगा धरते. तेव्हा ओल तुटली की फुले गळतात, दाणे बारीक राहतात. सप्टेंबरच्या पावसाने हंगामाचा आकडा सावरतो. गळलेली फुले परत येत नाहीत.

हवेचे तापमान एक अंशाने वाढल्यास तिची बाष्प धारण करण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. परिणामी पाऊस थोड्या वेळात धो धो कोसळण्याचे प्रसंग वाढतात. असे पाणी जमिनीत मुरण्याऐवजी सुपीक मातीसह वाहून जाते आणि पुढील उघडिपीत पीक तहानलेले राहते.

म्हणूनच मृगाच्या पहिल्या सरींवर विसंबून पेरणी करू नये. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच ती करावी, असा कृषितज्ज्ञांचा सल्ला असतो. पीककर्जाची रक्कम सर्वसाधारणपणे एकाच पेरणीचा खर्च गृहीत धरून ठरते. दुबार पेरणीच्या बियाण्याचा भार शेतकऱ्यावरच पडतो. रुंद वरंबा व सरी पद्धतीने ओल टिकते, तसेच जादा पाण्याचा निचराही होतो. तुरीचे आंतरपीक घेतल्यास जोखीम विभागली जाते. शेततळ्यातील पाण्याची एखादी पाळी फुलोऱ्यातील पीक तारू शकते.

प्रधानमंत्री पीक विमा योजनेत खरिपातील अन्नधान्य व तेलबियांसाठी शेतकऱ्याचा हप्ता विमा संरक्षित रकमेच्या कमाल २ टक्के असतो. २०२० च्या खरिपापासून कर्जदारांसाठीही सहभाग ऐच्छिक आहे. पाऊस लांबल्यामुळे मूग-उडदाऐवजी दुसरे पीक घेतले असल्यास ते विम्याच्या अंतिम मुदतीपूर्वी आपल्या शाखेस अवश्य कळवावे. शेतात एक आणि कागदावर दुसरेच पीक असल्यास भरपाईच्या वेळी अडचण येते.

पावसाची वेळ आपल्या हाती नाही. पेरणीची व नोंदणीची वेळ मात्र नक्कीच आहे.