एका अक्षराची पळवाट

‘मागचे बिल भरलेले नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडू.’ २०२२ मध्ये असे बनावट संदेश नागपूरसह राज्यभर फिरले आणि महावितरणला ग्राहकांना सावध करावे लागले.

असा मजकूर ईमेलमधून आला, तर स्पॅम फिल्टर शब्दांची संगत पाहतो. ‘बिल’ खऱ्या पत्रातही असते. पण त्याच्या जोडीला धमकी आणि अनोळखी मोबाइल नंबर आला की संशय बळावतो. बेझच्या संभाव्यता-सूत्रावरची ही रीत २००२ मध्ये संगणक-प्रोग्रामर पॉल ग्रॅहम यांच्या लेखामुळे गाजली. त्यावर भामट्यांनी रोमन ‘ए’च्या जागी हुबेहूब दिसणारे रशियन अक्षर घातले! डोळ्यांना फरक कळत नाही, यंत्राला मात्र शब्दच अनोळखी होतो. म्हणून मजकुराइतकाच पाठवणारा तपासणे मला महत्त्वाचे वाटते. महावितरणच्या अधिकृत एसएमएसवर पाठवणाऱ्याच्या नावात ‘एमएसईडीसीएल’ हे कंपनीचे इंग्रजी लघुनाव असते, कुणाचा दहा आकडी मोबाइल नंबर नाही.