सावलीतलं रोप उंच होतं, पण पाणी तुटताच मान का टाकतं?

पनवेलजवळच्या रोडपालीत इमारतींच्या सावलीतल्या बाल्कनीत मिरची पेरली, की रोप भराभर उंच होतं. ही जोमदार वाढ नव्हे, उजेडासाठीची धडपड आहे. उजेड कमी पडतोय हे पानांतली प्रकाश ओळखणारी प्रथिनं टिपतात आणि रोप आपलं तुटपुंजं अन्न खोड लांबवण्यात खर्च करतं. खोड बारीक राहतं, मुळं तोकडी.

पाण्याचा ताण पडला की उलट घडतं. पाणी वाचवण्यासाठी पानांवरची सूक्ष्म छिद्रं, म्हणजे पर्णरंध्रं, मिटतात. कार्बन डायऑक्साइड कमी मिळतो, अन्न कमी बनतं, वाढ मंदावते. असलेल्या अन्नाचा मोठा वाटा पाण्याच्या शोधात मुळांकडे वळतो.

खरी अडचण दोन्ही एकत्र आल्यावर होते. सावलीत वाढलेल्या रोपाकडे ना खोल मुळं असतात, ना ती वाढवायला पुरेसं अन्न. म्हणूनच भाताची रोपवाटिका झाडाखाली नको, मोकळ्या उन्हात हवी. जूनमध्ये पावसाने ओढ दिली, तर तिथलीच रोपं जास्त तग धरतात.

कुंडीलाही रोज पाच-सहा तास ऊन द्या. सावलीतलं रोप मात्र एकदम कडक उन्हात ठेवू नका. आठवडाभर थोडं थोडं ऊन वाढवत न्या.